वाटीतली मी आणि उपाशी शिंपी

एक होतं समुद्राकाठचं गाव. तिथं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एक म्हातारा शिंपी, त्याची लेक आणि लेकीची लेक गुंडी अशी तिघं राहत होती. गुंडीचा बाप जहाजावर इंजिनं सांभाळायचा. तो कायम पाण्यावर, म्हणून या गोष्टीत तो नाही. त्याच्या जागी मी आहे.

मी बोलतेय काचेच्या वाटीतून. मी एक जेलीफिश. नावात फिश आहे पण मासा नव्हे. करंगळीच्या नखावर मावेन एवढी. अंग आरपार दिसणारं, खाली बारीक झालर, आणि पोटात एक लाल ठिपका. मला हाड नाही, रक्त नाही, डोकं नाही, कान नाहीत. मग ऐकतेस कशी, असं गुंडीसारखं विचाराल. अहो, पाणी ऐकतं सगळं. दार आपटलं की पाणी हलतं, कुणी हुंदका गिळला तरी हलतं, आणि कुणी खोटं बोललं तर जरा जास्तच हलतं. मी पाण्यातच असते. मला नाही कळणार तर कुणाला!

लोक म्हणतात, ही कधी मरत नाही. ते अर्धंच खरं आहे. मासा गिळतो, कासव गिळतं, घाण पाण्यात मी सडते. फक्त म्हातारपणानं जायचं, तेवढं माझ्या वाट्याला आलेलं नाही.

माझा जन्म धक्क्याच्या एका लाकडी खांबावरचा. पाण्याखाली तिथं बोटभर झुडूप होतं, त्याच्या फांदीला मी कळीसारखी आले आणि एका सकाळी सुटले. बरेच दिवस छान गेले. मग एका होडीचा दोर घासून गेला आणि माझी अर्धी झालर फाटली. खाता येईना, पोहता येईना. बुडत बुडत तळाशी गेले. म्हटलं, संपलं.

संपलं नाही. अंग आतल्या आत आक्रसायला लागलं. छत्री उलटी झाली, झालर विरघळून आत गेली, आणि मी नुसता एक गोळा होऊन दगडाला चिकटले. गोळ्याला मुळं फुटली. मुळांतून फांद्या आल्या, फांद्यांना कळ्या. म्हणजे मी जिथून निघाले होते, तिथंच परत आले होते. दहावीतल्या पोराला उचलून पुन्हा बालवाडीत बसवावं, तसं.

कळ्या सुटल्या तेव्हा माझ्यासारख्या कितीतरी निघाल्या. त्या सगळ्या मीच. पण त्यांतल्या एकेकीला मी म्हटलं, "तो दोर आठवतो का गं?" तर एकही वळून बघेना. मला मात्र आठवत होतं. तेव्हापासून मला जी धास्ती बसली ती बसलीच. शेवट नसलेल्या घरात आपण एकटेच जागे आहोत, असं काहीसं वाटतं.

असं किती वेळा झालं, ते मी मोजलं नाही. मग एका दिवशी बाटली आली आणि बाटलीमागे बाई आली.

बाई म्हणजे त्या शिंप्याची लेक. किनाऱ्यावरच्या बुटक्या इमारतीत तिची प्रयोगशाळेची खोली होती. नळानं समुद्राचं पाणी यायचं, ते ती कापडातून गाळून आमच्या वाट्यांत भरायची. आमचं जेवण म्हणजे कोळंबीसारखी धुळीएवढी पिल्लं, तीही आम्हाला मोठी पडतात. म्हणून बाई भिंगाखाली दोन सुयांनी त्यांचे तुकडे करायची आणि एकेकीच्या तोंडाशी नेऊन द्यायची. उरलेलं खरकटं काढायची, पाणी बदलायची. सुट्टी असो, ताप असो, हे चुकायचं नाही. सुई धरायची तिची ढब बापाचीच होती. शेजारच्या टेबलावरचे विचारायचे, "काय मॅडम, सासवा जेवल्या का?"

"जेवल्या. आता एकमेकींची उणीदुणी काढतायत," बाई म्हणायची.

आम्हाला बघायला लोक यायचे. सगळ्यांचा प्रश्न एकच, जरा लाजत विचारलेला. एकदा चकचकीत बुटांचा एक पाहुणा म्हणाला, "हिच्यातून काही काढता येईल का हो? क्रीम वगैरे?"

"येईल की. पण आधी तुम्हाला ठेचून वाटीत ठेवावं लागेल."

तो पुन्हा दिसला नाही.

मग इमारतीचा पाण्याचा पंप बंद पडला. दुरुस्तीवाले आले, बघून गेले. पुन्हा आले, पुन्हा बघून गेले. वाट्यांतलं पाणी तापायला लागलं, तेव्हा बाईनं आम्हाला थर्माकोलच्या पेटीत घातलं आणि घरी नेलं. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी एक फळी होती. तिथं आमची सोय झाली. घरच्या नळाचं पाणी आम्हाला चालत नाही, म्हणून समुद्राच्या पाण्याचे डबे बाई जिन्यानं चढवायची.

म्हाताऱ्यानं माझी वाटी उचलली, उजेडाकडे धरली.

"खोकला झालाय का कुणाला?"

"बाबा, जेलीफिश आहे ती."

"असेल. दिसतंय थुंकीसारखं, म्हणून विचारलं."

गुंडी फळीला लोंबकळत म्हणाली, "आजोबा, ही म्हातारी होऊन मरतच नाही. जखम झाली आणि उपाशी राहिली की परत लहान होते."

"लहान म्हणजे केवढी?"

"एकदम बाळ. मग परत मोठी."

म्हाताऱ्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत चढवला. "म्हणजे कापड वाया जात नाही तर," तो म्हणाला. पोरगी हसली. मी नाही हसले. त्याच्या हातातलं पाणी थरथरत होतं.

त्याचे हात नेहमीच थरथरायचे आता. एके काळी त्याच्या दुकानात लोक कोट घालून बघायच्या आधी उलटा करून बघायचे. आतली शिवण बघायला! आता दुकान गेलं होतं आणि हातही गेले होते. तरी गुंडीला तो कबूल करून बसला होता, की थंडीआधी माझ्या करड्या कोटातून तुला कोट शिवीन. कोट उसवून झाला, खडूनं आखून झाला. मग दोरा ओवेना. गुंडीनं ओवून दिला. मग कात्री रेघेवरून चालेना. एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे.

"राहू दे ना आजोबा. दुकानातून आणू," गुंडी म्हणाली. पोरगी मनाची चांगली, म्हणूनच असं म्हणाली. पण म्हाताऱ्यानं तुकडे घडी घालून पलंगाखाली सारले.

दुसऱ्या दिवशी बाई कामावर, गुंडी शाळेत. बाईनं झाकून ठेवलेलं ताट म्हाताऱ्यानं घेतलं, बसला, पहिला घास उचलला. तो तसाच परत ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. शेजारणीचं मांजर खिडकीत येऊन बसायचं, त्याच्यापुढे ताट सरकवलं. रिकामं ताट धुऊन पालथं घातलं.

संध्याकाळी बाईनं आत येता येता विचारलं, "बाबा, जेवलात का?"

"पोट फुटेस्तोवर!"

वाटीतलं पाणी असं हललं म्हणून सांगू!

मग हे रोजचंच झालं. दुपारचं मांजराला. रात्री म्हणायचा, दुपारचंच अजून जिरलं नाही. चहा तेवढा घ्यायचा आणि एखादं बिस्कीट, तेही गुंडी बघत असली तर. मांजर असं काही गोल झालं, की शेजारीण जिन्यात सगळ्यांना सांगत सुटली, माझ्या मनीला पिल्लं होणार.

मला सगळं दिसत होतं आणि मला बोलता येत नव्हतं. बाई रोज माझ्या तोंडाशी तुकडा आणायची आणि मी तो खायची. तिचा बाप चार पावलांवर उपाशी, आणि मी पोटभर. तुम्ही सांगा, कसा गोड लागेल तो घास?

एका दुपारी तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला.

"म्हातारे," तो म्हणाला, "तुला म्हणून सांगतो. आम्ही काय करायचो? मोठ्या माणसाचा कोट झिजला तर फेकायचो नाही. शिवण न् शिवण उसवायची, कापड उलटं फिरवायचं, झिजलेलं काढून टाकायचं, आणि त्याच कापडातून पोराचा कोट बेतायचा. नवा दिसायचा अगदी. तू तेच करतेस ना? मग मी का करू नये? उपास म्हणजे उसवणंच आहे."

मग शरमल्यासारखा म्हणाला, "मला अगदी बाळ नाही व्हायचं गं. लेकीला कुठं आणखी व्याप! निम्म्यावर आलो तरी बास. हात स्थिर होईपर्यंत."

अहो, हजार माणसं माझ्यापुढे उभी राहिली असतील. कुणाला तोंडावरच्या सुरकुत्या घालवायच्या होत्या, कुणाला आणखी शंभर वर्षं हवी होती. हात परत मागणारा हा एकच. आणि याच्याच जिवावर मी उठले होते, काही न करता, नुसती फळीवर बसून.

तो वाळायला लागला. पॅन्ट कमरेवरून सरकायला लागली. लेकीच्या नजरेला येईल म्हणून त्यानं काय करावं? पॅन्ट आतून आवळून शिवली. दोरा ओवण्यातच निम्मी दुपार गेली. टाके असे पडले, की कुणा नवख्या पोरानं घातले असते तर यानंच कान पिळला असता. पण स्वारी खूश. "उतरलो बघ," मला म्हणाला. "कंबर आली खाली." पुढे पुन्हा आवळली. मग शर्टाच्या बाजूही आवळल्या. कपडे मापात, म्हणून माणूस मापात दिसायचा. बाईला वाटायचं, चेहरा जरा उतरलाय, वय झालंय. ती म्हणायची, "डॉक्टरीणबाईंकडे जाऊ या का?"

"वयाला काय औषध देणार ती? तू आपल्या सासवा सांभाळ."

हात मात्र स्थिर होईनात. उलट जास्तच थरथरायला लागले. एके दिवशी तो सुई घेऊन माझ्यापुढे बसला. "काहीतरी चुकतंय," म्हणाला. "उपास झाला. जखम राहिली." सुई त्यानं आपल्या दंडाजवळ नेली. माझी झालर आक्रसली. सुई तशीच हवेत राहिली आणि मग हळूच माझ्या वाटीकडे वळली.

"आधी तू दाखव. एकदा बघितलं की मग मला जमेल."

आणि त्यानं मला टोचलं. रागानं नाही. कापड उसवताना टोचतात तसं, जपून. पण हात हलला आणि सुई आरपार गेली.

मी बुडाले. त्याच जुन्या वाटेनं निघाले. छत्री उलटायला लागली, झालर विरायला लागली. बाईनं संध्याकाळी भिंगातून बघितलं. "ही जखम कसली? माझीच सुई लागली असणार," म्हणाली. "डोळे जड झाले होते काल." बाप दारातच उभा होता. त्याच्या ओठांवर आलं आणि परत गेलं.

त्यानंतर दुपारभर तो भिंगाला डोळा लावून बसायचा. माझा गोळा झाला, मुळं फुटली, फांद्या आल्या. तो माझ्याशी बोलायचा पण आता शब्द मध्येच संपायचे. भिंतीला धरून चालायचा. एकदा खुर्चीतून उठलाच नाही, गुंडी शाळेतून आली तेव्हाच कुणाचा तरी हात मिळाला त्याला. मी फांदी होऊन चिकटलेली. म्हणत होते, आधी कोण सुटणार, माझ्या कळ्या की हा?

कळ्या सुटल्या त्या दिवशी सुट्टी होती. बाई ओरडली, "बाबा, गुंडी, या लवकर! सुटल्या!"

म्हातारा लगबगीनं उठला आणि दोन पावलांत त्याचा तोल गेला. बाईनं धावत जाऊन त्याला कमरेत धरलं. धरलं ते धरलंच. तिचा हात तिथंच थबकला. बोटांना कापडाची जाड घडी लागली होती. तिनं पॅन्टची कड उलटी केली. आत वेड्यावाकड्या टाक्यांच्या रांगा, एकीखाली एक.

"बाबा, ही शिलाई कुणाची?"

"कुणाची म्हणजे? असेल कुणाची तरी."

"तुमच्या हातची आहे. का आवळलीत? केवढी आवळलीत!" मग तिनं शर्ट बघितला. मनगट धरलं. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "बाबा, तुम्ही जेवता ना?"

गुंडी म्हणाली, "आई, मांजर रोज आपल्याच खिडकीत असतं."

पुढचं तोडक्यामोडक्या शब्दांत म्हाताऱ्यानं सांगितलं. कोट, उसवणं, पोराचं माप. हेही सांगितलं, की ती सुई त्याच्याच हातची होती. बाई रागावली नाही. वाईट ते होतं. ती खाली बसली आणि तिनं बापाचे पाय धरले.

तो म्हणाला, "मला एकदा दाखव तर खरं. ती कुठंय?"

"कोण?"

"ती जुनी. जिचा ठिपका जरा वाकडा होता."

बाईनं त्याला भिंगाशी आणलं. वाटीत इवल्या इवल्या कितीतरी पोहत होत्या. "या सगळ्या तीच आहेत, बाबा."

"मग ओळखते का मला?"

"तिला डोकंच नाही. ओळखणार कुठून?"

म्हातारा भिंगावर आणखी वाकला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मी तिच्यासारखा झालो असतो, तर तू दार उघडलं असतंस आणि मी विचारलं असतं, कोण पाहिजे?"

बाईचा बांध फुटला. "मला बाप हवाय! घरात एक पोर आहे, ती पुरे आहे. आणखी एक नकोय मला. थरथरणारा द्या, खोकणारा द्या, खोटं बोलणारा द्या, पण हाच द्या!"

आता तुमच्यापाशी खरं बोलते. मी त्याला ओळखत होते. त्या सगळ्यांत मी कुठली होते ते मलाच सांगता येत नाही, पण त्याचं भिंगावर आलेलं नाक, त्याचा श्वास, त्याचं "म्हातारे", सगळं ओळखत होते. माझ्या उभ्या आयुष्यात हीच एक वेळ, की मला बोलता येत नाही याचं बरं वाटलं. बोलले असते, "ओळखते रे," तर तो पुन्हा उपाशी बसला असता.

त्यानं भिंग बाजूला सारलं. "भूक लागलीय," म्हणाला.

एवढ्यावर झालं असतं तर काय हवं होतं! पण पोट रुसलं होतं. पहिलाच घास उलटून पडला. डॉक्टरीणबाई आल्या, नाडी धरून बसल्या आणि बाईला बाहेर नेऊन म्हणाल्या, "एकदम देऊ नका. अंग घेईल की नाही, सांगता येत नाही. वाट बघायची." मग घरात वाट बघणं सुरू झालं. बाईनं रजा टाकली. पाव दुधात कुस्करून चमच्याच्या टोकावर घ्यायची आणि बापाच्या ओठांशी धरायची, अगदी मला द्यायची तश्शीच. तो कधी गिळायचा, कधी नुसता बघत राहायचा. एकदा तर त्यानं डोळेच उघडले नाहीत आणि गुंडी बाहेरच्या जिन्यात जाऊन बसली. शेजारणीनं मांजर आणून तिच्या मांडीवर ठेवलं.

अंगानं घेतलं शेवटी. हळूहळू, कुरकुरत घेतलं. हात मात्र आजही थरथरतात. कोटाचे तुकडे गुंडीनं बाहेर काढले. कात्री तिच्या हातात आणि तोंड आजोबांचं. "रेघेवर चाल, रेघेवर! तिकडे कुठे निघालीस, बाजाराला?" एक बाही झाली, एक राहिलीय.

इमारतीचा पंप सुरू झालाय. उद्या मी परत त्या बुटक्या इमारतीत जाईन, वाट्यांची संख्या आता वाढलीय. पुन्हा माणसं येतील, लाजत विचारतील. त्यांना माझं सांगणं आहे, माझा हेवा करू नका. मी परत परत लहान होते आणि दर वेळी मला ओळखणारं कुणी नसतं. तुमच्या घरात कुणी म्हातारं असेल, तर दारातून येता येता "जेवलात का?" म्हणून पुढे जाऊ नका. समोर बसा. ताट बघा. पाणी हलतं का बघा.

निरोप घेते. फळीवरून दिसलेलं शेवटचं तेवढं सांगते. आज संध्याकाळी तिघं एकत्र जेवायला बसली होती. गुंडी शाळेतलं काहीतरी सांगत होती, बाई ऐकत नव्हती, तिची नजर बापाच्या ताटावर. म्हाताऱ्यानं ताट पुसून काढलं, बोटं चाटली आणि ताट पुढे सरकवलं.

"अजून वाढ गं."

बाईनं भांड्यात बघितलं. भांडं रिकामं! ती एकदम हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली. गुंडी म्हणाली, "आई, असं काय करतेस?" म्हातारा म्हणाला, "घरात माणसाला पोटभर मिळू नये म्हणजे कमाल झाली."

बाईनं डोळे पुसले, उठली आणि गॅस पेटवला.